‘किरकोळ’ या सदराखाली

उन्हाळ्याच्या सुटीत सहकुटुंब प्रवासास जाण्याची चाल आता कळंबसारख्या गावीही चांगलीच रुळली आहे. पूर्वी आमच्या भागातील गृहस्थ घराबाहेर पडे तो येरमाळ्यास, तुळजापुरास किंवा पंढरपुरास, आणि आयुष्यात एकदा जमलेच तर काशीस. हल्लीच्या मुलांना समुद्र पाहावयाचा असतो. मांजरेकाठी वाढलेल्या आणि दर दोन-चार वर्षांनी त्या मांजरेची वाळू पाहणाऱ्या मुलांना अथांग पाण्याची ओढ वाटावी, यात नवल ते काय? मग गोव्याचे नाव निघते, आणि घरातील वडील मंडळी क्षणभर गप्प होतात.

मागील महिन्यात एका वाचकभगिनींनी आपल्या चिरंजीवांच्या अशाच प्रवासाचे अंदाजपत्रक आमच्याकडे धाडले. चिरंजीव, सूनबाई आणि त्यांच्या स्नेह्यांपैकी दोन जोडपी. मुक्काम चार दिवसांचा. प्रवास, राहणे, भोजन, देवदर्शन असा खर्च नीट मांडलेला असून शेवटी ‘किरकोळ’ असे एक सदर आहे, आणि त्यापुढील आकडा राहण्याच्या खर्चाच्या बरोबरीचा आहे. बाई लिहितात, ‘हे किरकोळ म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक आहे. परंतु आम्ही बोलत नाही. आपण काही लिहाल काय?’

प्रस्तुत लेखक स्वतः मद्यपान करीत नाही, व कोणास तसा उपदेश करण्याचाही त्याचा हेतू नाही. तथापि सुशिक्षित घरांतील या मौनाविषयी लिहिणे अवश्य आहे. ज्या वस्तूचे नाव घरात काढावयाचे नाही, तिचा भाव कोणी विचारीत नाही. आणि जिचा भाव विचारला नाही, ती वस्तू नेहमीच महाग पडते. मुलगा गोव्यास जाऊन पेला हाती घेणार हे ठरलेलेच असेल, तर त्याने तो कोठे, केव्हा व काय दराने घ्यावा, हे त्याला समजावे, यात कुलाची अप्रतिष्ठा कसली? अप्रतिष्ठा आहे ती त्या आकड्यास ‘किरकोळ’ म्हणण्यात.

आमच्या पूर्वजांना असा संकोच नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचा पंचविसावा अध्याय ‘सुराध्यक्ष’ याच नावाचा आहे. पानगृहात अनेक खोल्या असाव्यात, शय्या व आसने वेगवेगळी मांडावीत, गंध, पुष्पमाला व पाणी यांची सोय असून सर्व ऋतूंत तेथे सुख व्हावे, असे तो सांगतो. मद्य गावाबाहेर नेऊ देऊ नये. ज्यांची वर्तणूक शुद्ध म्हणून ठाऊक आहे त्यांनाच थोडेसे नेऊ द्यावे, हेही तो सांगतो. गिऱ्हाईक धुंदीत असता त्याचा ऐवज गेला, तर दुकानदाराने तो भरून द्यावा व वर तितकाच दंड सोसावा, इतकी त्याची दक्षता आहे. उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवस मद्य करण्याची मोकळीक असावी, असाही त्याचा नियम आहे. आमच्या वाचकभगिनींच्या चिरंजीवांचा मुक्कामही नेमका चार दिवसांचाच असावा, हा योगायोग मोठा गमतीचा!

आता प्रत्यक्ष गोव्याकडे वळू. आपण गोवे हा केवळ किनारा समजतो. परंतु पणजी शहर ज्या तिसवाडी तालुक्यात आहे, तो वस्तुतः बेटच होय. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी आणि त्या दोहोंना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, अशा पाण्याने तो वेढलेला आहे. पोर्तुगीज या भागास ‘बेटे’ याच अर्थाच्या शब्दाने ओळखीत. मांडवीच्या पात्रात दिवाडी व चोडण ही आणखी दोन बेटे असून तेथे फेरीबोटीने जाता येते. पायी उतारूस तिचे भाडे पडत नाही. दिवाडी बेटावर कदंब राजांचे दैवत सप्तकोटेश्वर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देवालय मोडले, मूर्ती पलीकडील डिचोलीच्या नार्वे गावी गेली, आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. म्हणून ‘देवदर्शन’ आणि ‘किरकोळ’ ही दोन्ही सदरे एकाच फेरीत साधावयाची असतील, तर ही बेटेच सोयीची.

गोव्यात मद्य स्वस्त का, याचे कारण हवेपाण्यात नसून कायद्यात आहे. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. परंतु मनुष्याच्या पिण्याचे मद्य त्यातून वगळलेले आहे. त्यावर आबकारी व विक्रीकर बसविणे प्रत्येक राज्याच्या हाती राहिले. गोव्याने हे कर हलके ठेवले, महाराष्ट्राने जड. म्हणून एकाच कारखान्याची एकच बाटली सीमेच्या दोन बाजूंस दोन भावांनी विकली जाते.

परंतु ही स्वस्ताई दुकानातील बाटलीची होय. समुद्राकाठी वाळूत उभारलेल्या ज्या खोपटांना ‘शॅक’ म्हणतात, तेथे बसून तीच बाटली मागविली, तर गोष्ट निराळी. ही खोपटे पावसाळ्यापूर्वी मोडावी लागतात. वर्षाचे भाडे, परवाना, नोकरांचे पगार हे सर्व त्या आठ महिन्यांत वसूल करावयाचे असते. शिवाय गिऱ्हाईक मोजतो ते पेल्याचे मोल नव्हे, तर पेल्यापलीकडे दिसणाऱ्या सूर्यास्ताचे. त्यात लबाडी काही नाही. मात्र सूर्यास्त वाळूत उभे राहून फुकट पाहता येतो आणि पेला गावात बसून घेता येतो, हे ज्यास सुचले त्याचा खर्च बराच उतरला असे समजावे.

गावात कोठे, तर ‘तावेर्न’मध्ये. हा शब्द पोर्तुगीज असून तेथे दोन-चार बाके, एक फळी आणि काही बाटल्या एवढाच थाट असतो. गावातील सुतार, गवंडी, निवृत्त कारकून संध्याकाळी येऊन बसतात, अर्धा तास गप्पा करतात व घरी जातात. जेथे गावकरी रोज येतो तेथे भाव वाढविता येत नाही, हा व्यापाराचा साधा नियम येथे उपयोगी पडतो. बसण्यापूर्वी दर विचारावा. एक पेला म्हणजे ३० मिलिलिटर की ६०, तेही विचारावे. मोठ्या उपाहारगृहात पाण्याच्या बाटलीचाही भाव विचारावा. कारण छापील किमतीहून अधिक दराने ती तेथे विकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. भाव विचारण्यास लाजणे हे कुलीनपणाचे लक्षण आहे, अशी समजूत आमच्या वर्गात फार आहे. मंडईत चार आण्यांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ पानगृहात मात्र कर्णाचा अवतार होतो!

आता काय घ्यावे? आमच्या भागातील तरुण मंडळी तेथे जाऊन बहुधा ‘विदेशी’ मागवितात. सरकारी भाषेत तिचे नाव ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असे आहे, आणि त्यात मूळ मद्यार्क असतो तो पुष्कळदा उसाच्या मळीचा, नाही तर धान्याचा. म्हणजे ज्या उसाने आमच्या मांजरेचे पाणी प्याले, त्याच उसाची मळी शेकडो कोसांवरच्या वाळूत बसून, इंग्रजी नावाची चिठ्ठी लावून, आम्ही चढ्या भावाने विकत घ्यावयाची! जुन्या स्मृतिकारांनी गुळापासून होणाऱ्या सुरेस ‘गौडी’ म्हटले आहे. हे त्या गौडीचेच कुळ. ज्या एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडून मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले, तो महिना ज्यांनी पाहिला, त्यांनी हा विचार एकदा तरी करावा.

याउलट त्या भूमीचे स्वतःचे पेय म्हणजे काजूचे. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. फाल्गुन-चैत्रात बोंडे पिकून गळतात. ती तुडवून रस काढतात, दोन-तीन दिवस आंबू देतात आणि भट्टीवर चढवितात. पहिल्या वाफेचे जे निघते ते ‘हुर्राक’. त्यात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा चढविले की ‘फेणी’. संस्कृत ‘फेन’ म्हणजे फेस, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. नारळाच्या झाडापासून काढलेल्या रसास तेथे ‘सूर’ म्हणतात, त्यातही आपली ‘सुरा’च दिसते, त्या सुरेचीही फेणी होते. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली गोवा शासनाने तिला वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली.

हुर्राक फक्त हंगामात, म्हणजे सुमारे मार्चपासून मेअखेरपर्यंत मिळते. ती टिकत नाही, दूर जात नाही, तिची जाहिरात होत नाही. म्हणूनच ती स्वस्त. गावकरी तीत लिंबाचे सोडायुक्त पेय, मीठ आणि हिरव्या मिरचीचा तुकडा घालून घेतात. शाळामास्तराच्या सवयीने थोडे त्रैराशिकही मांडतो. हुर्राकीत मद्यार्क सुमारे १५ टक्के, फेणीत सुमारे ४२. म्हणून ६० मिलिलिटर हुर्राकीतून पोटात ९ मिलिलिटर मद्यार्क जातो, तितक्याच फेणीतून २५. बिअर ‘हलकी’ म्हणून जिची ख्याती, तिची ६५० मिलिलिटरची बाटली ५ टक्क्यांच्या हिशेबाने ३२ मिलिलिटरांवर जाते. पेल्याच्या आकारावरून नशेची व खर्चाची गणना करू नये, हे यावरून ध्यानी यावे.

येथवर झाला तो पेल्याचा भाव. खरा ‘किरकोळ’ खर्च पुढेच आहे, आणि तोच घरे बुडवितो. पहिली गोष्ट वाहनाची. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, तर २०१९ च्या सुधारणेप्रमाणे पहिल्याच गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड तर भरता येतो; भाड्याच्या दुचाकीवरून अंधारात वळण चुकलेला मुलगा परत आणता येत नाही. म्हणून ज्या दिवशी पेला, त्या दिवशी वाहन नाही. कदंबाची बस आणि फेरीबोट असताना त्याची गरजही नाही. दुसरी गोष्ट, वाळूवर वा उघड्या जागी बाटली घेऊन बसू नये. पर्यटनस्थळी तसे पिण्यास गोव्याने २०१९ साली कायद्याने बंदी केली असून दंड होतो. तिसरी, स्वस्त मिळाली म्हणून बाटल्या गाडीत भरून आणू नयेत. परवान्यावाचून गोव्याचे मद्य महाराष्ट्रात आणणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सिंधुदुर्गातील इन्सुलीच्या नाक्यावर त्याची तपासणी होते. मद्य गावाबाहेर नेऊ देऊ नये, हा कौटिल्याचा नियम तेथे आजही जागा आहे म्हणावयाचा.

तेव्हा आमच्या वाचकभगिनींस सुचवावेसे वाटते ते इतकेच, की ‘किरकोळ’ हा शब्द खोडून चिरंजीवांच्याच हस्ताक्षरात तेथे ‘पेये’ असे लिहवून घ्यावे, आणि दर, दिवस व परतण्याचे साधन ही तीन घरे पुढे आखून द्यावीत. तुम्ही संमती दिली असा त्याचा अर्थ होत नाही. तुम्ही डोळे मिटलेले नाहीत एवढाच होतो. कदाचित आकडा मांडताना तो स्वतःच निम्म्यावर येईल. चोरून केलेल्या खर्चास मर्यादा नसते; लिहून केलेल्यास आपोआप पडते.

राहता राहिली आमच्यासारखी न पिणारी मंडळी. मद्याने तहान भागत नाही, उलट लघवीवाटे शरीरातील पाणी जाते. तेव्हा बेटावरच्या उन्हात खरी गरज आहे ती वेगळ्याच पेयांची. कोकमाचे सरबत, भाताबरोबर सोलकढी आणि शहाळे ही सर्वत्र मिळतात. परंतु हंगामात गेलात तर ‘नीरो’ अवश्य विचारावा. आपली नीरा ताडाची किंवा शिंदीची. नीरो म्हणजे काजूच्या तुडविलेल्या बोंडांतून आपोआप ठिबकणारा स्वच्छ, गोड रस, न आंबलेला. तो काढला त्याच दिवशी प्यावा लागतो, कारण दुसऱ्या दिवशी तो नीरो राहत नाही. सासूबाई, सूनबाई आणि नातवंडे यांनी एकाच बाकावर बसून तो घेण्यास हरकत नाही. सकाळी लवकर गेल्यास ताजा मिळतो.