आधी पाणी, मग ऊब, भक्ष्य सगळ्यात शेवटी

नागपंचमीला टोपलीतला नाग दूध पितो, हे पाहून हात जोडणारे अजूनही आहेत. तो का पितो, याचं उत्तर मात्र भक्तीत नाही. त्याला कित्येक दिवस पाण्याशिवाय ठेवलेलं असतं आणि तहानेला नाग समोर येईल तो द्रव ओढतो. दूध त्याचं अन्न नाहीच. त्यातलं काही श्वासनलिकेत गेलं, तर प्रकरण आणखी बिघडतं. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे जोरात खोकून ते बाहेर टाकता येत नाही. त्यात नागाचं मुख्यतः एकच, उजवं फुप्फुस कामाचं. न्यूमोनिया व्हायला आणखी काय हवं?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. गारुडी कमी झाले, पण उपेक्षित साप संपलेले नाहीत. मालाडच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यान, पश्चिमेला मालवणी-मार्वेची खाडी आणि खारफुटी. नाग, घोणस, धामण, दिवड इथे वस्तीत यायचेच. त्यात आता हौसेने काचेच्या पेटीत पाळलेल्या परदेशी अजगरांची भर पडली आहे. साप पकडल्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर तासाभरात फिरतो. पुढे त्या सापाचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे. सुटका दहा मिनिटांची, उपचार काही आठवड्यांचे, कधी महिन्यांचे. आणि आपलं सगळं कौतुक त्या दहा मिनिटांवर खर्च होतं.

हाडं दिसू लागलेला साप हाती आला की कनवाळू माणसाला पहिली इच्छा होते ती त्याला खायला घालण्याची. हीच घाई त्याचा जीव घेऊ शकते. सापाचं पचन हे मोठं खर्चिक काम आहे. मोठं भक्ष्य गिळल्यावर अजगराचं आतडं एक-दोन दिवसांत जवळपास दुप्पट जड होतं, चयापचय कित्येक पटींनी वाढतो. उपाशी शरीराला हा भार झेपत नाही. रक्तातले क्षार एकदम ढासळतात. म्हणून आधी पाणी: उथळ कोमट पाण्यात, डोकं वर राहील असं ठेवणं, गरज असेल तर डॉक्टरांनी टोचून दिलेलं सलाईन. मग ऊब, कारण बाहेरची उष्णता मिळाल्याशिवाय त्याचं पचनही चालत नाही आणि प्रतिकारशक्तीही. औषधाचा हिशोबसुद्धा तापमानावर असतो. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक माणसाला दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं. सापाला साधारण तीन दिवसांतून एकदा. माणसाच्या गोळीचा तुकडा भरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. (भरवणारे असतात.) भक्ष्य सगळ्यात शेवटी, तेही नेहमीपेक्षा लहान.

अडकलेल्या कातीचंही तसंच. ओलाव्याने ती सैल होते. डोळ्यावरची कात चिमट्याने ओढली, तर खालचा पारदर्शक पडदाच फाटून साप आंधळा होऊ शकतो.

हे घरच्या बाथरूममध्ये करायचं काम नव्हे. देशी साप घरात ठेवणं बेकायदा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. सर्पमित्राने साप वन विभागाकडे नोंदवावा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याने उपचार करावेत. असे पशुवैद्य थोडे आहेत. पकडण्याच्या काठ्या वाटण्याआधी त्यांच्या प्रशिक्षणावर पैसा खर्च व्हावा, असं मला वाटतं.

सर्पदंशाने देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. मग सापावर खर्च कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण वस्तीतले उंदीर खाणारा प्राणी तोच आहे, आणि लेप्टो म्हणजे काय हे मुंबईला २००५च्या पुरानंतर सांगावं लागत नाही. शिवाय ‘दात काढलेला नाग’ हा धोकादायक समज आहे. विषदंत पडले तरी काही आठवड्यांत नवे येतात. गारुड्याकडून सोडवलेल्या नागाला निरुपद्रवी समजून हाताळणारा माणूसही त्या ५८ हजारांत जाऊ शकतो. असा साप कुठे दिसला, तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

तोंडातली जखम भरली, साप स्वतःहून खाऊ लागला, त्याने अखंड कात टाकली, की सोडायची वेळ आली. वस्तीतून पकडलेला साप शक्यतो त्याच परिसरात, जवळच्या सुरक्षित जागी सोडतात. गारुड्याच्या नागाचं मूळ ठिकाण मात्र कोणालाच ठाऊक नसतं. विषग्रंथी डागून निकामी केली असेल, तर त्याला शिकारही धड साधत नाही. असा नाग बरा झाला तरी जंगलाचा उरत नाही, आणि त्याला आयुष्यभर सांभाळायचं कोणी, हे कोणत्याच फाइलवर लिहिलेलं नसतं.