संशयाची सवय आणि तपासाची वृत्ती

रहस्यकथेला करमणुकीचा हलका प्रकार समजून बाजूला सारण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः खुनाचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला मजुराच्या स्वयंपाकघरापासून महापौराच्या दालनापर्यंत कोणतेही दार ठोठावता येते. लेखकाने या मुभेचा नीट उपयोग केला, तर एका गुन्ह्याच्या निमित्ताने साऱ्या शहराचा उभा छेद वाचकापुढे ठेवता येतो. ‘द किलिंग’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने २०११ साली प्रारंभ केला तो याच अपेक्षेने. ती अपेक्षा कोठे फसली, हे तपासणे उद्बोधक ठरेल.

डेन्मार्कच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर २००७ साली गाजलेल्या मालिकेवरून ही कथा घेतली आहे. सिएटल शहरात रोझी लार्सन या शाळकरी मुलीचा मृतदेह तळ्यात बुडालेल्या मोटारीत सापडतो. मुलीचे वडील घरसामान हलवण्याचा लहानसा व्यवसाय करणारे. मोटार महापौरपदाच्या निवडणुकीस उभ्या असलेल्या नगरसेवक रिचमंडच्या प्रचारकचेरीची. एक शोकग्रस्त कष्टकरी कुटुंब, एक निवडणूक आणि एक तपास हे तीन धागे पहिल्याच भागात एकत्र येतात. साधारणतः एका भागात एक दिवस, अशी संथ गती ठेवल्यामुळे घरातील दुःखालाही पुरेसा अवकाश मिळतो. मांडणी म्हणून याहून चांगली सुरुवात कोणती असावी?

तथापि पुढील रचना फार दुबळी आहे. दर एक-दोन भागांनी नवा संशयित पुढे येतो, भागाच्या शेवटी त्याच्यावर बोट रोखले जाते आणि तो निर्दोष ठरताच कथानक त्याला मागे टाकून पुढे जाते. रोझीचे शिक्षक बेनेट अहमद यांचे प्रकरण पाहा. ते एका मुलीला तिच्यावरील सक्तीतून सोडवण्यासाठी धडपडत असतात. पोलिसांना त्या लपवाछपवीत गुन्हा दिसतो आणि मुलीचा बाप त्यांना मरणाच्या दारी पोचेपर्यंत मारतो. अहमद नावाच्या माणसावर संशय इतक्या सहज का चिकटतो, हा प्रश्न येथे उभा राहायला हवा होता. लेखकांना मात्र त्यातून काही भागांपुरती उत्कंठा हवी होती. खोटी वाट दाखवण्यास हरकत नाही. पण त्या वाटेने गेल्यावर प्रेक्षकाला शहराविषयी काही सत्य हाती लागले पाहिजे.

वाहिनीने जाहिरात केली होती ती ‘रोझी लार्सनला कोणी मारले?’ या प्रश्नाची. तेरा भागांचे पहिले पर्व संपले तेव्हा उत्तर मिळाले नाहीच, उलट रिचमंडविरुद्धचा पुरावा बनावट निघाला. प्रेक्षक संतापले, ते रास्तच होते. डॅनिश मालिकेने वीस भागांत खुनी दाखवला. येथे त्यासाठी २०१२ सालापर्यंत सव्वीस भाग लागले.

आणि हे उत्तर खरोखर जळजळीत आहे! शहराच्या किनाऱ्यावरील बांधकाम प्रकल्प बंद पाडण्यासाठी धनिक विकासक, जुगारगृह चालवणारी मूलनिवासी जमातीची प्रमुख आणि रिचमंडचा सहायक यांनी केलेला गुप्त सौदा रोझीच्या कानावर पडलेला असतो. सहायक तिच्यावर हल्ला करतो. पण ज्या मोटारीत तिला कोंडलेले असते ती तळ्यात ढकलते तिची सख्खी मावशी. आत कोण आहे हे तिला ठाऊक नसते. तो विकासक आपल्याला या जिण्यातून बाहेर काढील, एवढ्याच आशेवर ती हे करते. गरिबाच्या स्वप्नाकडून श्रीमंताचा सौदा आपले काम कसे करून घेतो, हे याहून स्पष्ट कोणी दाखवावे? परंतु ही मावशी सव्वीस भाग त्याच घरात वावरत असताना तिची ही भूक क्वचितच दिसते. त्यामुळे जो शेवट अटळ वाटायला हवा होता, तो केवळ अनपेक्षित वाटतो.

प्रेक्षकाला सतत संशय घ्यायला लावणे सोपे असते. त्याला तपास करायला शिकवणे अवघड. संशय माणसावर थांबतो, तपास व्यवहारापर्यंत पोचतो. अखेरीस निवडून आलेला रिचमंड त्याच विकासकाबरोबर बैठकीस बसतो आणि दार बंद होते. मालिकेने ज्या दाराशी संपावे असे ठरवले, ते तिने पहिल्या पर्वातच ठोठावायला हवे होते.