गाळलेला जिन्नस

केळे आणि अक्रोड घालून भाजलेला ‘बनाना नट ब्रेड’ (नावाला पाव, त्यात यीस्ट नसते, सोड्याने फुगतो, म्हणजे केकच) आज आपल्या घरांना नवा राहिलेला नाही. २०२०च्या टाळेबंदीत तर जगभर घरोघरी त्याचा घमघमाट सुटला होता. परंतु या पदार्थाबरोबर एक खोडही आली आहे. ‘ही आमच्या घराण्याची जुनी कृती, बाहेर द्यायची नाही,’ असे सांगितले जाते. फारच आग्रह झाला तर कृती दिली जाते, पण एखादा जिन्नस मुद्दाम गाळून! या चालीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

मुळात ही कृती जुनी ती किती? अमेरिकेत ती पाकपुस्तकांतून सर्रास छापली जाऊ लागली ती १९३०च्या दशकात. मंदीचे दिवस होते. काळे पडलेले केळे टाकवत नव्हते आणि बेकिंग सोडा स्वस्त होता. पिठाच्या कंपन्यांना पीठ खपवायचे होते, फळांच्या कंपन्यांना फळ. पिल्सबरी कंपनीच्या १९३३च्या पुस्तकात ही कृती आहे. युनायटेड फ्रूट कंपनीने तर १९५०मध्ये ‘चिकिटा बनाना’च्या नावाने पाककृतींचे पुस्तकच काढले. तेव्हा अनेक आज्यांच्या कपाटातले ‘गुपित’ हे मुळात खप वाढविण्यासाठी वाटलेले छापील पान असावे, असे आम्ही म्हटले तर कोणी रागावू नये. आजीचा मोठेपणा कृती शोधण्यात नव्हता. नासू घातलेल्या फळाचे चार मुलांना खाऊ करण्यात होता.

शिवाय ‘अगदी आजीसारखा’ हा दावाही टिकत नाही. त्या काळी अमेरिकेत जाई ते ग्रो मिशेल जातीचे केळे. पनामा रोगाने त्याच्या बागा बसल्या आणि १९६०च्या दशकापर्यंत कॅव्हेंडिशने त्याची जागा घेतली. आपल्याकडे तर ‘तीन केळी’ म्हणजे काय, हेच ठरत नाही. तीन बसराई आणि तीन वेलची यांच्या वजनात दुपटीहून अधिक अंतर पडते. राजेळीची सुकेळी करणाऱ्या वसईकरांस हे आम्ही काय सांगावे!

आता गाळलेल्या जिन्नसाविषयी. सोडा गाळला तर पाव दगडासारखा बसतो. दही गाळले तर सोडा पुरता विरत नाही आणि जिभेवर साबणाची चव येते. घरात नुकतीच आलेली सून तो दगड ताटात ठेवते आणि चारचौघांत ‘हिच्या हाताला चव नाही’ असे ऐकून घेते. ज्या बाईंनी कृती दिली, त्या तेथेच बसून हसत असतात. याला कौतुकाने गुपित म्हणायचे? आम्ही याला खोटे बोलणे म्हणतो. जिचा चरितार्थ केक विकून चालतो, त्या भगिनीने कृती सांगण्यास सरळ नकार द्यावा; तो तिचा हक्क आहे. पण नकार वेगळा आणि फसवणूक वेगळी.

‘अंदाजाने घाला’ म्हणणाऱ्यांचीही आम्हांस धास्ती वाटते. तो अंदाज त्या माउलीबरोबर कबरस्तानात जातो. मागे उरते ती तेलकट वही आणि तीत ‘मैदा, साखर, लागेल तसे’. तिला आजच तराजूपाशी बसवा.

आमच्याकडची कृती घ्या. मैदा २५० ग्रॅम, सोडा १ सपाट चमचा, मीठ अर्धा चमचा, लोणी ११५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, अंडी २, सोलून कुस्करलेली काळ्या ठिपक्यांची केळी ३५० ग्रॅम, दही ४ मोठे चमचे, भाजून जाडसर तोडलेले अक्रोड ८० ग्रॅम. लोणी-साखर फेसून अंडी, मग केळी व दही घालावे. मैदा, सोडा व मीठ एकत्र चाळून शेवटी घालावे आणि केवळ मिसळेपर्यंतच ढवळावे. जास्त घोटल्यास पाव चिवट होतो. मग अक्रोड. १७५ अंश सेल्सिअसवर सुमारे तासभर भाजावा. सुई कोरडी निघाली की बाहेर काढावा व निवेपर्यंत सुरी लावू नये, चुरा होतो.