ढील

मागच्या वेळी ऱ्होड्स शहराच्या जुन्या तटबंदीबद्दल लिहिलं होतं. आज त्याच ग्रीक बेटाचं दुसरं टोक. शहरापासून सुमारे ९० किलोमीटर दक्षिणेला प्रासोनिसी आहे. वाळूची एक अरुंद पट्टी, तिच्या पलीकडे दीपगृह असलेलं छोटं बेट. हिवाळ्यात पाणी चढलं की पट्टी बुडते आणि बेट खरोखरच बेट होतं.

उन्हाळ्यात पट्टीच्या एका बाजूला लाटा उसळतात आणि दुसऱ्या बाजूचं पाणी जवळजवळ सपाट असतं. वारा लाटांच्या बाजूने येतो, वाळू ओलांडतो आणि पलीकडच्या उथळ पाण्यात उतरतो. तिथे लाट उठायला त्याला अंतरच मिळत नाही. नवशिक्यांनी काइटसर्फिंग शिकायचं ते इथे, कंबरभर पाण्यात. फक्त वारा किनाऱ्याकडून खुल्या समुद्राकडे वाहतो, त्यामुळे बचावाची बोट तयार ठेवावी लागते. हे मला पैसे भरल्यावर कळलं!

या वाऱ्याचं नाव मेल्तेमी. जुलै-ऑगस्टमध्ये तो दिवसेंदिवस वाहतो, तेही निरभ्र आकाशातून. गंमत म्हणजे त्याचं नातं आपल्या पावसाळ्याशी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात तयार होणारा कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे पार तुर्कस्तानपर्यंत पसरतो. बाल्कनकडे दाब जास्त असतो, आणि या दोहोंच्या मधून एजियन समुद्रावर हा वारा सुटतो.

मी बडोद्याची. उत्तरायणात पहाटे गच्चीवर चढणारी, किन्ना स्वतः बांधणारी. त्यामुळे पतंग मला कोण शिकवणार, असा थोडा तोरा होताच. हा पतंग मात्र नऊ चौरस मीटरचा. त्याच्या पुढच्या कडेत पंपाने हवा भरतात, म्हणून तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. हवा भरायच्या पतंगाचं पेटंट लगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ साली घेतलं. वीसेक मीटरच्या दोऱ्या हातातल्या आडव्या दांड्याला, म्हणजे बारला, येतात. सगळा ओढा कमरेच्या पट्ट्यावर असतो. बार जवळ ओढला की पतंग जोर धरतो, दूर ढकलला की सैल पडतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर पतंग डोक्यावर असताना शांत असतो. समोर खाली आला की ओढतो, आणि कसा ओढतो!

तिसऱ्या दिवशी तो समोर खाली आला. माझ्या हातांनी लहानपणापासून जे केलं तेच केलं, खेचलं. पुढचा क्षण मला नीट आठवत नाही. पाय सुटले, तोंडात खारं पाणी गेलं, गुडघा वाळूवर घासला. उथळ पाण्यात उभं राहता येतं हे खरं, पण आपटलं तर तळही लगेच लागतो. हेल्मेटमधल्या रेडिओवर शिक्षिका ओरडत होती, "बार सोड! सोड!" आणि मी तो आणखी घट्ट धरत होते. बोट निघालेली दिसली तेव्हा कुठे बोटं उघडली. पतंग लगेच नरमला.

दुसऱ्या दिवशी जाऊच नये असं वाटत होतं. खोलीवरून बाबांना फोन केला. गुडघ्याचं सांगितलं नाही, पतंगाचं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पेच लागल्यावर तू नेहमी खेचायचीस. मी मागून फिरकी धरून ओरडायचो, ढील दे, ढील दे. कधी ऐकलंस?"

गेले. शिक्षिकेने फळी किनाऱ्यावरच ठेवायला लावली. सकाळभर एकच काम: पतंग उडवायचा, लाल मूठ पुढे ढकलायची, पतंग निर्जीव होऊन पाण्यात पडलेला बघायचा, दोऱ्या आवरायच्या, पुन्हा उडवायचा. चौथ्या वेळेपर्यंत मूठ ढकलताना मी डोळे मिटत होते. पाचव्यांदा उघडे राहिले.

दुपारी फळीवर उभी राहिले. सहा-सात सेकंद असतील. मग तोल गेला, पतंग खाली झेपावला आणि मी दोन्ही हात सोडून पाण्यात बसले. शिक्षिका काठावरून टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी बाबांना गुडघ्याचंही सांगितलं.