तापवलेली पुंगळी पुन्हा भरू नका!

बिरवाडी, महाड आणि पोलादपूर भागातील बंदूक परवानाधारक शेतकऱ्यांना, तसेच ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची काडतुसे पडून आहेत अशा घरांना कळकळीची विनंती.

पितळी पुंगळी विस्तवात घालून नरम करायची, मग दारू-छर्रे भरून पुन्हा वापरायची, असे कोणी करत असेल तर आजच थांबवा. रानडुक्कर एका रात्रीत उभे भात लोळवते, काडतूस महाग पडते, दुकान लांब आहे, सगळे मान्य. पण काडतुसाचे पितळ म्हणजे सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त, आणि त्याची ताकद थंड धातू दाबून-ओढून आणलेली असते. जास्त आच लागली की ती उतरते. लोखंडासारखे पाण्यात विझवून पितळ पुन्हा कडक होत नाही. कारखान्यातही पुंगळीचे तोंड तापवून नरम करतात, मात्र बूड कडकच ठेवतात. चुलीत दोन्ही सारखीच तापतात. वर चिंचेने घासली की पुंगळी नव्यासारखी चमकते, म्हणजे डोळ्यांना काही कळायची सोय नाही. बार उडताना असे बूड फुगते, टोपीची जागा सैल होते, कधी पुंगळीच फाटते आणि पेटता वायू मागे येतो. मागे आपला चेहरा असतो.

पावसाळ्यात आणखी सांभाळा. 22 जुलै 2021 चा महापूर कोणी विसरलेले नाही. पुन्हा घरात पाणी शिरलेच, तर भिजलेली काडतुसे चुलीशी किंवा तापल्या पत्र्यावर वाळवू नका. घराला आग लागून गेल्यावर सापडलेले काडतूस उडाले नाही म्हणून चांगले समजू नका. गोठ्यातही काडतुसे नकोत. ब्रिटिश फौजेची काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप चिरत. मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळात उरलेला ताण यांचा तो परिणाम, हे पुढे 1921 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी मांडले. त्यावर उपाय म्हणून पितळ हलकेच तापवतात हे खरे, पण ते मोजून-मापून, भट्टीत. चुलीला कसले माप?

आणि कायदा. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतुसे बनवण्याचा नाही. शस्त्र अधिनियमात 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनवण्यास किमान 7 वर्षे कैद आहे.

परवान्यावरची काडतुसे भिजली किंवा तापली असतील, तर ती वेगळी ठेवून पोलीस ठाण्याला कळवा. माळ्यावर किंवा शेतात बेवारस सापडली, तर हात न लावता 112 वर फोन करा आणि पोरांना लांब ठेवा. रिकाम्या वाटणाऱ्या पुंगळ्याही भंगारवाल्याला परस्पर देऊ नका. एखादीत टोपी जिवंत असेल, तर ती त्याच्या भट्टीत उडेल.