आधी सफाई, मग दाढ

दाढ ठणकायला लागली की लोणंदच्या कांदा बाजारातला हमाल असो की आसपासच्या गावातून आलेला शेतकरी, दवाखान्यात मागणी एकच असते: आजच काढून टाका. दात साफ करून घ्यायचं मात्र राहून जातं, कारण ते नुसतं दिसण्यासाठी असतं अशी समजूत आहे. ही समजूत महागात पडते. चेहऱ्यावर सूज नसेल, ताप नसेल, तर आधी दात साफ करावेत आणि आठवडाभराने दाढ काढावी. हा क्रम पहिल्या तपासणीतच ठरायला हवा.

दाढ काढल्यावर जबड्यात उघडी जखम राहते. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने जखम भरून येते. शेजारच्या दातांवर किटणाचा थर असेल तर जंतूंचा साठा जखमेच्या काठावरच असतो, सुजलेल्या हिरड्यांतून रक्त जास्त येतं आणि दाढ हलवताना किटणाचे तुकडे खड्ड्यात पडू शकतात. गुठळी निघून गेली की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. डॉक्टर याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. साध्या दाढेत हे शंभरात दोन ते पाच जणांना होतं, खालच्या अक्कलदाढेत त्याहून बरंच जास्त. दाढ काढण्याआधी आणि नंतर क्लोरहेक्सिडिनने चूळ भरल्यास हे प्रमाण घटतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. म्हणजे तोंडातल्या जंतूंचा भार हलका करण्याला अर्थ आहे, आणि किटण हा त्या भाराचा मोठा आसरा आहे. तंबाखूने धोका आणखी वाढतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे किंवा मिश्री लावणारे आढळले. आपल्या भागात तर मिश्री कित्येक घरांत रोजची आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की दुखणं अंगावर असताना आठवडाभर थांबायचं कसं? पू झाला असेल, गाल सुजला असेल तर थांबूच नये. पू काढणं आणि गरज असेल तर दाढ काढणं हेच आधी. मग सफाईला किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, कारण यंत्राच्या पाण्याच्या फवाऱ्याने आणि ओढीने कोवळी जखम दुखावते. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांचं गणित वेगळं. दोन्ही उपचारांत जंतू रक्तात जातात, म्हणून प्रतिजैविकाच्या एकाच डोसखाली दोन्ही उरकणं सोयीचं ठरू शकतं. ते डॉक्टरांनीच ठरवावं. दुसरा आक्षेप रोजंदारीचा आहे आणि तो खरा आहे. दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी. पण ड्राय सॉकेट झाला तर ड्रेसिंगसाठी पुन्हा पुन्हा यावं लागतं, त्या काळात काम सुचत नाही ते वेगळंच. तपासणीच्याच दिवशी सफाई केली तर जादा फेरी वाचते. तिसरा आक्षेप, सफाईने दात हलतात. दाताभोवतीचं हाड हिरडीच्या आजाराने आधीच झिजलेलं असतं. किटण निघाल्यावर ती झीज फक्त उघडी पडते. उलट हिरडीच्या सुजेमुळे हलणारा एखादा दात सफाईनंतर सावरतो आणि काढायचा निर्णयही बदलतो. आधी सफाई करण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

मधुमेह्यांनी तर हा क्रम मुळीच चुकवू नये. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात येणं अवघड होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना मात्र सांगाव्यात. दंतवैद्यांनी दोन्ही तारखा एकाच कागदावर लिहून द्याव्यात. पालखीच्या मुक्कामातल्या किंवा गावोगावच्या आरोग्य शिबिरांतही दाढ काढायला सांगताना सफाईचा सल्ला त्याच चिठ्ठीवर असावा. काढलेली दाढ एकच असते. ज्या किटणाने आणि हिरडीच्या आजाराने दात जातात ते उरलेल्या दातांवर तसंच राहिलं, तर पुढच्या दाढेची पाळी ठरलेलीच आहे.