सत्कारानंतरचा पहिला तास

आपल्या समाजातला एखादा मुलगा किंवा मुलगी नेट-सेट उत्तीर्ण झाली की गावात सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, भाषणे, व्हॉट्सअॅपवर फोटो आणि मुबारकबाद. हे व्हायलाच हवे. यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या गावात आजही अनेक घरांतून कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यातून एखादा प्राध्यापक होतो, ही सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे.

पण सत्कार संपल्यावर काय? हा नवा प्राध्यापक उमरखेड, पुसद किंवा पैनगंगेपलीकडच्या नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रुजू होतो, हातात खडू घेतो आणि मुलांनी भरलेल्या वर्गासमोर उभा राहतो. शिकवायचे कसे, हे त्याला कोणीही शिकवलेले नसते.

ही अतिशयोक्ती नाही. पहिलीच्या वर्गावर जायचे तर डी.एड. आणि टीईटी लागते. नववी-दहावीला शिकवायचे तर बी.एड. लागते. बी.ए. किंवा बी.एस्सी.च्या वर्गावर जाण्यासाठी मात्र अध्यापनाची वेगळी पदवी लागत नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर एक घटक आहे, पण ५० प्रश्नांच्या त्या पेपरात बरोबर पर्याय निवडणे वेगळे आणि दुपारच्या उन्हात कंटाळलेल्या वर्गाला विषयात ओढणे वेगळे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर देशात अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. हे सगळे चांगलेच आहे, पण नोकरीत शिरल्यानंतरचे आहे. तासिका तत्त्वावरच्या तरुणाला पहिल्या तासाला जाण्यापूर्वी कोणी हात धरून काही दाखवत नाही.

मग तो काय करतो? त्याला जसे शिकवले गेले, तसेच तो शिकवतो. नोट्स वाचून दाखवतो, मुले उतरवून घेतात. शेवटी तो विचारतो, “समजले का?” सगळे म्हणतात, “हो सर.” तास संपतो.

नव्या प्राध्यापकाने पहिल्या दिवसापासून सोडून द्यावा असा प्रश्न कोणता, तर हाच. ‘समजले का’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते. नाही म्हणायला धीर लागतो, आणि ज्याला खरोखर समजलेले नसते त्याच्याकडेच तो सर्वांत कमी असतो. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी उठून “सर, नाही समजले” असे म्हणत नाही. ती पहिल्या सत्रात नापास होते आणि घरचे म्हणतात, “जाऊ दे, बस झालं शिक्षण.”

देशातल्या उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचे प्रमाण सुमारे ४.६ टक्के आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के होता. या दरीची कारणे अनेक आहेत: गरिबी, अंतर, भेदभाव, मुलींच्या लग्नाची घाई. पण जे वर्गापर्यंत पोचले, त्यांना वर्गात टिकवणे हे बऱ्याच अंशी शिकवणाऱ्याच्या हातात आहे.

सुदैवाने शिकवण्याची कला हातात बाळगून कोणी जन्माला येत नाही. शिवणकाम किंवा गवंडीकाम जसे उस्तादाजवळ बसून येते, तसेच हेही येते. आणि त्याचे धडे आपल्या आसपासच आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांचे कीर्तन म्हणजे एकतर्फी भाषण नसे. ते लोकांच्याच वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत आणि समोरच्यांकडून उत्तर वदवून घेत. उत्तर देणारा माणूस आपसूक विचार करू लागे. आपल्या मदरशांतही एक जुनी रीत आहे: तकरार. मराठीतली ‘तक्रार’ नव्हे. इथे अर्थ आहे उजळणी. उस्तादांचा सबक झाला की मुले गटाने बसतात आणि एकजण तोच धडा इतरांना समजावून सांगतो. सांगताना अडखळला, की कच्चे कुठे आहे ते लगेच कळते.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर याच निष्कर्षाला आले. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवत, पण न्यूटनच्या नियमांवर साध्या शब्दांत प्रश्न विचारला की चुकत. म्हणून त्यांनी व्याख्यान कमी केले. ते वर्गात प्रश्न टाकत, प्रत्येकाला उत्तर निवडायला लावत, मग शेजाऱ्याशी वाद घालायला सांगत आणि पुन्हा उत्तर घेत. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता अशा सहभागी वर्गांच्या दीडपट निघाली.

यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता शिकवायची आहे असे समजा. व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी विचारा: मिठाची पुडी दुप्पट महागली तर तुमच्या घरी मीठ निम्मे लागेल का? आणि मटण दुप्पट महागले तर? वर्ग हसेल, बोलेल, भांडेल. मग व्याख्या लिहा. उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी फळ्यावर मागणीशेजारी ‘तलब’ आणि पुरवठ्याशेजारी ‘रसद’ लिहा. गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या घरचा शब्द विचारा. दोन शब्दांनी कोणाचे काही जात नाही, पण मुलाला कळते की या वर्गात आपलीही जागा आहे.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला १९७० च्या दशकात आढळले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे मोठी आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागली. तास संपताना कागदाच्या चिठ्ठीवर, नाव न घालता, आज काय कळले नाही ते एका ओळीत लिहून घ्या. रात्री त्या चिठ्ठ्या वाचा आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथून सुरू करा. पहिल्या पंधरवड्यात मुलांची नावे पाठ करा. महिन्यातून एकदा चांगल्या शिक्षकाच्या वर्गात मागे जाऊन बसा, मग तो जिल्हा परिषद शाळेचा का असेना. आणि एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला आपल्या वर्गात बसायला बोलवा.

इथे एक रास्त आक्षेप येईल. तासाप्रमाणे मोजून तुटपुंजे मानधन, तेही महिनोन्महिने रखडलेले, पुढच्या वर्षी काम मिळेल याची खात्री नाही. मग एवढी मेहनत कशासाठी? हा अन्याय खरा आहे. पूर्णवेळ भरतीसाठी आणि वेळेवर मानधनासाठी संघटितपणे लढलेच पाहिजे, आणि नव्या अध्यापकाला वर्गावर पाठवण्याआधी प्रशिक्षण द्या, ही मागणीही त्याच निवेदनात असली पाहिजे. पण मानधनाचा दर समोर बसलेल्या मुलीने ठरवलेला नाही. तिला बी.ए.चे पहिले वर्ष एकदाच मिळणार आहे.

समाज म्हणून आपणही सत्कारावर थांबू नये. ढाणकी-उमरखेड परिसरात निवृत्त शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, नेट-सेट झालेले तरुण आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांनी एकत्र बसावे. एकाने वीस मिनिटे शिकवावे, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हावे आणि नंतर मोकळेपणाने सांगावे, कुठे कळले आणि कुठे निसटले. मंडप नको, माईक नको. एक फळा, एक खडू आणि टीका ऐकून घेण्याची तयारी पुरे.